थट्टेतील व्याकरण : इंग्रजीविषयीच्या खेळकर वादांचा एक विचार

बीजशब्द : भाषिक विनोद, इंग्रजी वर्णलेखन, शब्दार्थ, नागपुरी बोली, चुपके चुपके, इंग्लिश विंग्लिश

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी इंग्रजीच्या शिक्षकांना एक प्रश्न विचारलेला असतो, किंवा विचारावासा वाटून तो गिळलेला असतो. बी-यू-टी 'बट' होते, तर पी-यू-टी 'पट' का होत नाही? शिक्षक चांगल्या मनःस्थितीत असतील तर हसतात, नसतील तर मुलाला बाकावर उभे करतात. दोन्ही प्रकारांत प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पुढे हाच मुलगा मोठा होतो, इंग्रजीची थट्टा करणारे चार चुटके त्याला पाठ होतात आणि एखाद्या घरगुती समारंभात तो ते सांगतो. प्रश्नाचा असा चुटका होतो तेव्हा त्यातील जिज्ञासा हरवते, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

इंग्रजीचे व्याकरण, उच्चार आणि शब्दार्थ यांवरून चालणाऱ्या खेळकर वादांकडे आपल्याकडील समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. त्यांची गणना शाब्दिक कोटीत होते आणि कोटी हा विनोदाचा कनिष्ठ प्रकार मानण्याची आपली सवय जुनी आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः दोन चित्रपटांच्या आधारे या वादांचा विचार केला आहे : हृषिकेश मुखर्जी यांचा 'चुपके चुपके' (१९७५) आणि गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). दोन्ही चित्रपट हिंदी आहेत. परंतु पहिल्यातील प्रश्न नागपूरच्या वर्गांत आजही जसाच्या तसा विचारला जातो आणि दुसऱ्याची नायिका पुण्याची, आडनावाने गोडबोले आहे. या दोहोंच्या सोबत नागपूरच्या भाषिक इतिहासातील व वर्गातील काही उदाहरणे घेतली आहेत.

लेखकाची भूमिका आरंभीच सांगणे योग्य ठरेल. इंग्रजीवरील थट्टा दोन प्रकारची असते. एका थट्टेत आपण नियमाला हसतो, दुसरीत नियम न येणाऱ्या माणसाला. दोन्ही एकाच वाक्यातून व्यक्त होऊ शकतात आणि म्हणूनच त्यांतील भेद सहज नजरेआड होतो.

'टू', 'डू' आणि 'गो'

'चुपके चुपके'मधील डॉ. परिमल त्रिपाठी हा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. पत्नी सुलेखा हिला आपल्या मेव्हण्यांच्या, म्हणजे राघवेंद्र शर्मांच्या, बुद्धिमत्तेचा फार अभिमान आहे. ती बुद्धिमत्ता कसाला लावण्यासाठी परिमल त्यांच्याच घरी प्यारेमोहन इलाहाबादी या नावाने वाहनचालक म्हणून राहतो आणि अतिशुद्ध हिंदी बोलून सर्वांना हैराण करतो. याच वेषांतरात तो मालकासमोर इंग्रजीच्या अशास्त्रीयतेची तक्रार मांडतो. टी-ओ 'टू' आणि डी-ओ 'डू' असेल, तर जी-ओ हे 'गो' कसे, हा त्याचा मुद्दा आहे. त्याच्या नियमाने जो शब्द तयार होतो तो हिंदीत आणि मराठीत सारखाच अनुच्चारणीय असल्यामुळे प्रेक्षागृह हसते आणि राघवेंद्र निरुत्तर होतात.

वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते विनोदाइतकेच रंजक आहे. जुन्या इंग्रजीत 'टू' आणि 'डू' या शब्दांत दीर्घ 'ओ' होता, तर 'गो' या शब्दात दीर्घ 'आ' होता. आजच्या 'बोट' या नौकावाचक शब्दाचे जुने रूप 'बाट' होते, तसाच 'गो' हा मुळात 'गा' होता. मधल्या काळात इंग्लंडच्या दक्षिणेत या दीर्घ 'आ'चा विवृत 'ओ' झाला. पुढे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीचे सर्वच दीर्घ स्वर आपल्या जागेवरून वर सरकले. 'टो' आणि 'डो' यांतील 'ओ' वर जाऊन 'ऊ' झाला. 'गो'मधील विवृत स्वर एक पायरी खाली होता, तो वर जाऊन संवृत 'ओ'पाशी पोहोचला. रांगेतील सर्वजण एकेक पाऊल पुढे सरकले, म्हणून अंतर तसेच राहिले. परंतु विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला होता आणि मुद्रकांच्या हाताखाली अक्षरे हळूहळू गोठत होती. जिभेने प्रवास चालू ठेवला, लेखणी मागे राहिली. परिमलचा प्रश्न म्हणजे या दोहोंमधील अंतराला लावलेले बोट होय.

'बट' आणि 'पट' यांची कथा याहूनही आपल्या बाजूची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण भागात ऱ्हस्व 'उ'ची फाळणी झाली. बहुसंख्य शब्दांत त्याचा 'अ'सारखा उच्चार होऊ लागला, 'पुट', 'पुल', 'फुल', 'बुल', 'पुश' अशा काही शब्दांत जुना 'उ' टिकून राहिला. ही फाळणी उत्तर इंग्लंडमध्ये झालीच नाही. लीड्स किंवा मँचेस्टर येथील सामान्य माणसाच्या बोलण्यात आजही 'पुट' आणि 'बुट' यांचे यमक जुळते. म्हणजे दोन्ही शब्दांत एकच स्वर असला पाहिजे, असे म्हणणारा आपला विद्यार्थी निदान अर्ध्या इंग्लंडच्या मते बरोबर होता. त्याला बाकावर उभे करणाऱ्या शिक्षकांना हे ठाऊक नव्हते, यात त्यांचा दोष नाही; त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

या संदर्भात एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. मरे हे जन्माने अमेरिकन, परंतु १७९५ चे आपले व्याकरण त्यांनी उत्तर इंग्लंडमधील यॉर्क येथे राहून लिहिले. ज्या गावच्या बाजारात 'पुट' आणि 'बुट' एकाच स्वराने उच्चारले जात, तेथे बसून लिहिलेल्या नियमांनी मराठीला शब्दांच्या आठ जाती दिल्या आणि आपली मुले आजही त्या पाठ करतात. दादोबांना 'मराठीचे पाणिनी' म्हटले जाते. तथापि हा साचा मराठीच्या अंगाला कितपत बसतो, याची चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. तेव्हा इंग्रजी व्याकरणाशी वाद घालणे ही आपल्याकडची काही नवी गोष्ट नाही. फरक इतकाच की, शास्त्रीबुवांच्या वादाला निबंध म्हणतात आणि पाचवीच्या मुलाच्या वादाला खोडी.

आता चित्रपटाकडे परत येऊ. परिमलचा प्रश्न आपल्याला निखळ आनंद का देतो? कारण प्रश्न विचारणारा अज्ञानी नाही, हे प्रेक्षकाला माहीत आहे. गणवेशाच्या आत प्राध्यापक आहे. तो कोणत्याही क्षणी टोपी काढून अस्खलित इंग्रजी बोलू शकतो. त्यामुळे इंग्रजीला हसताना त्याला कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. खऱ्या वाहनचालकाने हा प्रश्न विचारला असता तर प्रेक्षागृह हसलेच असते, पण ते हसू इंग्रजीवर पडले नसते. या चित्रपटाचे माधुर्य मान्य करूनही ही मर्यादा सांगितली पाहिजे. तेथील अज्ञान हे सोंग आहे, म्हणून तेथील थट्टा सुरक्षित आहे. दिग्दर्शकाला उत्तरात स्वारस्य नाही आणि राघवेंद्रांची फजिती झाली की प्रश्नाचे काम संपते.

त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'शी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चे ते रूपांतर. लंडनच्या उच्चारांचा प्रश्न मराठीत येताना शुद्ध-अशुद्ध मराठीचा, म्हणजे पर्यायाने जातीचा व वस्तीचा प्रश्न झाला. मंजुळेचे न येणे हे सोंग नाही. तिच्या तोंडातील 'अशुद्ध' भाषा हीच तिची एकमेव भाषा आहे. म्हणूनच तिच्या संतापाला जी धार आहे ती प्यारेमोहनच्या मिस्किलीला नाही. शॉ यांच्या नावावर इंग्रजी वर्णलेखनाची आणखी एक थट्टा खपवली जाते. 'इनफ'मधील जी-एच, 'विमेन'मधील ओ आणि 'नेशन'मधील टी-आय एकत्र लिहिले की 'फिश' वाचता येते. ही अक्षरे जुळवून जो शब्द होतो तो आपण इगतपुरीजवळच्या घोटी गावाच्या फलकावर रोज वाचतो. मात्र ही कोटी शॉ यांची नव्हे. १८५५ च्या एका पत्रात ती आढळते, तेव्हा शॉ यांचा जन्मही झालेला नव्हता. चांगल्या कोट्या मोठ्या माणसांच्या नावावर जमा होतात. नागपूरला याचा स्वतंत्र अनुभव आहे.

शब्दांचे स्थलांतर

'चुपके चुपके'मधील हास्याचा दुसरा स्रोत म्हणजे संस्कृतप्रचुर हिंदी. या हिंदीची एक मोठी कार्यशाळा आपल्या नागपुरात होती, याचे स्मरण आज फारसे राहिलेले नाही. डॉ. रघुवीर (१९०२-१९६३) यांची संस्था लाहोरहून नागपुरास आली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान आणि पुढे मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल यांच्या शासनाचा त्यांना आधार होता. इंग्रजी पारिभाषिक संज्ञांना भारतीय प्रतिशब्द देणारे त्यांचे कोश येथूनच प्रसिद्ध झाले. पुढे ही संस्था दिल्लीला गेली. मध्य प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे संविधानाच्या हिंदी अनुवाद समितीचे अध्यक्ष होते, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे. इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कोणता, हा वाद त्या काळी या शहरात प्रशासकीय गरज म्हणून चालत होता.

रघुवीरांच्या वाट्याला मात्र मुख्यतः थट्टाच आली. गळ्यातील टायला 'कंठलंगोट' आणि रेल्वेला 'लोहपथगामिनी' म्हणणारे गृहस्थ, अशी त्यांची प्रतिमा लोकांत रुजली. वस्तुतः असे शब्द थट्टेखोरांनी रचले आणि त्यांच्या खात्यावर मांडले. त्यांची पद्धत वेगळी होती. एक धातू घ्यावा, त्याला उपसर्ग-प्रत्यय लावून संबंधित संज्ञांचे कुटुंबच उभे करावे, अशी ती रीत. 'विधी', 'विधान', 'विधेयक', 'विधिमंडळ' हे शब्द शेजारी ठेवले म्हणजे तिचा लाभ कळतो, कारण इंग्रजीत याच अर्थांचे शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरते तेव्हा वृत्तपत्रांत 'विधेयक' शब्द रोज येतो आणि तो वाचून कोणाला हसू येत नाही. रुळलेल्या शब्दाचा घडवणारा विसरला जातो, न रुळलेल्या शब्दाचा मात्र लक्षात राहतो. इतकेच नव्हे, तर त्याने न घडवलेलेही त्याच्या माथी मारले जातात. हा माणसाला हसण्याचा प्रकार होय. शब्दनिर्मितीच्या या खटाटोपात कृत्रिमता नव्हती असे नाही, पुष्कळ होती. परंतु तिची चिकित्सा करण्याऐवजी दोन-चार बनावट शब्दांवर काम भागवले गेले.

याउलट सामान्य लोकांनी इंग्रजी शब्दांचे जे अर्थ स्वतःहून बदलले, त्यांना कोणी कोशकार लागला नाही. 'माझे मिस्टर' म्हणजे माझे पती, हा अर्थ इंग्लंडमध्ये कोणाला कळणार नाही, पण महाराष्ट्रात त्यात कोणतीही शंका नाही. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीला विलायती शब्दाने दिलेली ही सोय आहे. 'प्रीपोन' हा शब्द चुकीचा म्हणून आमच्या पिढीच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडला गेला. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. पेन 'तो' की 'ते', यावरून एकाच शिक्षककक्षात दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. इंग्रजीत पेनाला लिंगच नाही, ते आपण दिले आणि त्यावरून आपणच भांडतो.

शशी गोडबोलेचा 'द'

'इंग्लिश विंग्लिश'मधील शशीला सोंग घेण्याची चैन परवडत नाही. 'जॅझ' हा शब्द ती आपल्या पद्धतीने उच्चारते तेव्हा तिचा नवरा आणि मुले हसतात. हा प्रसंग लहान आहे, परंतु माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा पाया त्यात आहे. हे हसू प्रेमळ आहे असे हसणाऱ्यांना वाटते, आणि त्यामुळेच त्यावर रागावण्याची सोय शशीला उरत नाही. घरगुती थट्टेचे हे स्वरूप दिग्दर्शिकेने अचूक पकडले आहे.

पुढे न्यूयॉर्कमधील इंग्रजीच्या वर्गात हीच शशी विचारते की, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना 'द' लागतो, तर इंडियाला का लागत नाही? वर्गात मेक्सिकोची दाई, पाकिस्तानी टॅक्सीचालक, तमिळ संगणक अभियंता, फ्रेंच आचारी अशी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात येऊ शकेल असा हा प्रश्न आहे. परिमलच्या प्रश्नापेक्षा तो मला श्रेष्ठ वाटतो. परिमलला उत्तर नको होते, शशीला हवे आहे. परिमलच्या प्रश्नामागे विजय आहे, शशीच्या प्रश्नामागे एक बारीकशी शंका आहे : हा मान आम्हाला का नाही?

व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. 'स्टेट्स' हे अनेकवचनी सामान्यनाम आहे म्हणून त्याला उपपद लागते, 'इंडिया' हे विशेषनाम आहे म्हणून लागत नाही. परंतु इतके सांगून प्रश्न संपत नाही. युक्रेनच्या नावामागे इंग्रजीत पूर्वी 'द' लावत. १९९१ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर हे उपपद आपल्याला एखाद्या प्रदेशासारखे दाखवते, देशासारखे नाही, अशी तेथील लोकांची हरकत पुढे आली आणि 'द' गळाला. म्हणजे शशीला जो मान वाटला तो युक्रेनच्या लोकांना अवमान वाटला. तीन अक्षरी शब्दात सार्वभौमत्वाचा वाद असू शकतो, हे व्याकरणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही.

हा भाग मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या आवश्यक इंग्रजीच्या तासाला सांगतो. एकदा इंग्रजी पुस्तकांत 'द डेक्कन', 'द कोंकण' आणि जुन्या लेखनात 'द पंजाब' असे लिहितात, हे फळ्यावर लिहिले. तेव्हा काटोलकडील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कोकणाले 'द' लागते, मग विदर्भाले काऊन नाही?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "अनुशेष!" सारा वर्ग हसला, मीही हसलो. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण त्यातील शब्द त्यांच्या घरांत अजून वापरात आहे. हसू ओसरल्यावर मी त्यांना सांगितले की, नागपूरलाही एकेकाळी हे उपपद लाभले होते. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' हे अनेकवचनी नाम असल्यामुळे इंग्रजीत त्यामागे 'द' येत असे. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्य प्रदेश झाले आणि उपपद गेले. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हाही ते परत आले नाही. तो तास माझ्या मते चांगला झाला. उपपदांच्या नियमांवरील रिकाम्या जागा त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक जणांनी बरोबर भरल्या.

चित्रपटाला मात्र शशीच्या या प्रश्नाच्या मागे जायचे नाही. त्याची वाटचाल आत्मसन्मानाकडे आहे आणि लग्नसमारंभातील भाषणात ती पूर्ण होते. प्रेक्षक समाधानाने उठतो. तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली शब्दार्थाची. शशी लाडू करून विकते हे कळल्यावर शिक्षक तिला 'आन्त्रप्रेन्योर' ठरवतात आणि या शब्दाने तिची मान उंच होते. शब्दाचे मूळ फ्रेंच. त्याचे वर्णलेखन पाहिल्यास परिमलला नवा प्रश्न सुचावा. पण ज्या महाराष्ट्रात १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी पापड लाटून 'श्री महिला गृहउद्योग' उभा केला, तेथील स्त्रीला आपल्या कामाची प्रतिष्ठा परक्या शब्दातून कळावी, याचे आश्चर्य चित्रपटाला वाटत नाही. 'गृहउद्योग' हा शब्द शशीला माहीत असणारच. मात्र त्या शब्दाने तिच्या घरातील कोणी प्रभावित झाले नसते, हे दिग्दर्शिकेचे अव्यक्त गृहीतक असावे, आणि ते दुर्दैवाने खरे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याचे हे गोडबोले कुटुंब घरात हिंदी बोलते. व्यावसायिक हिंदी चित्रपटाची ती अपरिहार्यता आहे हे मान्य. परंतु परिणाम असा होतो की, चित्रपटात भाषेचा संघर्ष हिंदी आणि इंग्रजी यांच्यातच राहतो आणि नायिकेची मातृभाषा त्यात पक्षकारच नसते. शशी आणि फ्रेंच आचारी लॉरां आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना समजून घेतात, तो प्रसंग सुंदर आहे. त्या प्रसंगी तरी शशीच्या तोंडून मराठी यायला हवी होती, असे एक मराठी प्रेक्षक म्हणून मला वाटत राहिले.

'जाऊन राहिलो'

मातृभाषेचा उल्लेख आला म्हणून नागपूरच्या मातृभाषेविषयी लिहिणे प्राप्त आहे. मी पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवली. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेल्या अखेरच्या काही तुकड्यांपैकी आमची एक. चालू वर्तमानकाळ शिकवताना आमच्या शिक्षकांनी फळ्यावर 'मी जात आहे' असे लिहिले आणि इंग्रजी वाक्य विचारले. आमच्यापैकी निम्म्यांनी आपल्या घरात हे वाक्य कधी ऐकलेच नव्हते. आम्ही 'मी जाऊन राहिलो' म्हणत असू. म्हणजे इंग्रजी वाक्यापर्यंत जाण्यासाठी आधी एका अनोळखी मराठी वाक्यावरून जावे लागत होते.

हिंदीच्या सहवासातून नागपुरी मराठीत आलेल्या या रूपाची थट्टा सर्वश्रुत आहे. "पाहुणा येऊन राहिला" हे वाक्य पुण्यात उच्चारले तर पाहुणा आला आणि मुक्कामाला राहिला असा अर्थ होतो. नागपुरात त्याचा अर्थ पाहुणा अजून वाटेत आहे. चहा ठेवायचा की अंथरूण घालायचे, हे प्रदेशावर ठरते. ही कोटी मला आवडते आणि मी ती सांगतो. परंतु काही वर्षांपूर्वी अध्यापकांच्या एका उजळणी वर्गात एका तज्ज्ञ वक्त्यांनी हेच उदाहरण देऊन, ज्यांना स्वतःच्या भाषेतील काळ नीट येत नाहीत त्यांना इंग्रजीचे काळ काय येणार, असे उद्गार काढले. सभागृहातील बहुतेक अध्यापक वैदर्भीय होते. आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, आणि या लेखाचे बीज बहुधा तेथेच आहे.

त्या वक्त्यांचे विधान भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही टिकणारे नाही. 'जातो' आणि 'जाऊन राहिलो' हा भेद नागपुरी बोली काटेकोरपणे पाळते. प्रमाण मराठीतील 'जातो' मात्र नित्य क्रियेलाही चालतो आणि "थांब, मी जातो" अशा तत्क्षणीच्या क्रियेलाही. इंग्रजीतील साधा व चालू वर्तमान यांचे अंतर नागपूरच्या मुलाला खरे तर अधिक लवकर कळावयास हवे, कारण ते त्याच्या जिभेवर आधीपासून आहे. अडचण एवढीच की, ते त्याच्या जिभेवर आहे हे वर्गात कोणी मान्य करत नाही.

इंग्रजीच्या इतिहासातही असाच एक 'राहिलो' आहे. 'घर बांधले जात आहे' या अर्थी इंग्रजीत पूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' असे म्हणत, म्हणजे शब्दशः घरच बांधत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'इज बीइंग बिल्ट' हे रूप पसरू लागले आणि एकोणिसाव्या शतकातील व्याकरणकारांनी त्यावर ओबडधोबड, असंस्कृत म्हणून टीका केली. आज तेच रूप कर्मणी प्रयोगाच्या धड्यात आहे आणि आमची मुले त्यासाठी गुण गमावतात.

पु. ल. देशपांडे यांच्या 'चितळे मास्तर' या व्यक्तिचित्राचा आपल्या मनावर जो ठसा आहे, तो थट्टा करूनही विद्यार्थ्याला न दुखावणाऱ्या शिक्षकाचा आहे. तसा शिक्षक होणे मला साधले आहे असा माझा दावा नाही. मागील सत्रात मी 'द हाउस इज बीइंग बिल्ट' हे वाक्य मराठीत लिहावयास दिले होते. एका विद्यार्थिनीने लिहिले, "घर बांधलं जाऊन राहिलं." लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ त्या वाक्याकडे पाहत होतो. तिला काळ समजला होता, प्रयोग समजला होता, क्रिया अपूर्ण आहे हेही समजले होते. मी तिला पूर्ण गुण दिले आणि शेजारी प्रमाण रूप लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "सर, बरोबर आहे तर मग बाजूले दुसरं काऊन लिहिलं?"